चौदाव्या शीटवरचा आकडा

शीट क्रमांक चौदा मी खिडकीच्या काचेवर दाबून धरली, तेव्हा सातशे पन्नासच्या आकड्याखाली मला दुसरा आकडा दिसला. पुसट, पण वाचता येण्यासारखा. पाचशे साठ. ट्रेसिंग पेपरवरची शाई ब्लेडने खरवडली की तेवढी जागा पांढुरकी होते आणि उजेडात धरल्यावर खालचं जुनं अक्षर ओळखू येतं. खरवडणारा हात सराईत होता. टेबलावर ठेवून पाहिली असती तर मला जन्मात कळलं नसतं.

त्याच शीटच्या उजव्या कोपऱ्यात माझी सही होती. शैलजा हिरेमठ, उपअभियंता, सदस्य-सचिव, मानक सुधारणा समिती.

या गोष्टीला आता बावीस वर्षं झाली. आमच्या महापालिकेची बांधकामाची मानकं, म्हणजे रस्त्याची जाडी किती, फुटपाथची उंची किती, गटाराला उतार किती, हे सगळे नियम सत्तावीस वर्षं जुने होते. ते नव्याने लिहायला समिती नेमली होती आणि तिचं सगळं लिखापढीचं काम माझ्याकडे होतं. दीड वर्षात एकतीस शीट तयार झाल्या. पुढच्या मंगळवारी आयुक्तांसमोर त्या मांडायच्या होत्या. मी अनुक्रमणिका जुळवत बसले होते, आणि बैठकीच्या इतिवृत्तातला आकडा शीटवरच्या आकड्याशी जुळेना.

चौदावी शीट ड्रेनेजच्या चेंबरची होती. रस्त्यात जे गोल झाकण असतं, त्याखालच्या तोंडाचा व्यास किती ठेवायचा, एवढाच प्रश्न. जुन्या नियमात पाचशे मिलिमीटर होतं. समितीने पाचशे साठ ठरवलं. ते इतिवृत्त मीच लिहिलं होतं. सातशे पन्नास कुणीच म्हटलं नव्हतं.

एकतीस शीटवर मी एकाच दुपारी सह्या केल्या होत्या. एकेक शीट समोर सरकवली जात होती आणि मी बोलता बोलता सही ठोकत होते. सरकवत कोण होतं, तर अंबादास येमूल. आमचे मुख्य आरेखक.

येमूलांना अख्खं ऑफिस अण्णा म्हणायचं. छप्पन्न-सत्तावन्नचं वय, अंगाने किडकिडीत, शर्टाच्या खिशात कायम दोन ड्रॉइंग पेन. कॉम्प्युटरवर आराखडे काढायला सुरुवात झाली होती, पण आमच्याकडे शेवटची प्रत अजून अण्णांच्याच हातची लागायची. माझं टेबल आणि त्यांचा ड्रॉइंग बोर्ड, मध्ये फक्त एक कपाट. तेरा वर्षं. त्यांच्या बायकोने पाठवलेली शेंगाचटणी माझ्या डब्यात कितीदा आली असेल, मोजदाद नाही.

पण ब्लेड वापरणारा तेवढा सराईत हात ऑफिसात एकच होता.

मी अण्णांना काही विचारलं नाही. शीट गुंडाळली आणि थेट कार्यकारी अभियंता कुलथे साहेबांच्या केबिनमध्ये गेले.

कुलथे साहेबांनी शीट पाहिली, चष्मा काढला, पुन्हा लावला. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो.

"सही तुमचीच ना?"

"माझीच आहे सर. पण सही केली तेव्हा आकडा काय होता, मला आठवत नाही. बदल आधीचा आहे की नंतरचा, तेही सांगता येणार नाही."

"बसा आधी." त्यांनी घंटी वाजवून चहा सांगितला. "सातशे पन्नासची चौकट आणि झाकण आपल्या शहरात कोण बनवतं, माहीत आहे?"

"नाही."

"एकच जण. एमआयडीसीत बिराजदार म्हणून आहे, सिमेंटचे पाइप, रिंगा करतो. साचा त्याच्याकडेच आहे. उद्या हे मानक झालं, की शहरातलं प्रत्येक नवीन चेंबर त्याच्याकडून." त्यांनी बशी माझ्याकडे सरकवली. "मी कुणाचं नाव घेत नाही. पण गेल्या महिन्यात येमूलला बिराजदारच्या जीपमधून उतरताना लोकांनी पाहिलंय. एवढंच मला माहीत आहे. तुम्ही शेजारी बसता. जरा लक्ष ठेवा."

तो चहा मी प्याले. घशाखाली उतरताना मला एवढंच कळत होतं, की त्या शीटवर अण्णांचं नाव बारीक अक्षरात आहे आणि माझी सही ठसठशीत आहे.

बुधवारपासून मी लक्ष ठेवायला लागले. लक्ष ठेवायचं म्हटलं की माणसाचं सगळंच वेगळं दिसायला लागतं. अण्णा जेवणाच्या सुट्टीत कापडी पिशवी घेऊन बाहेर गेले. आजवर ते कित्येकदा गेले असतील, मी कधी मान वर करून पाहिलं नव्हतं. आता मी घड्याळ पाहिलं. एक वाजून पाच मिनिटं. परत आले अडीचला. चपलांवर आणि पँटच्या मोहरीवर राखाडी धूळ. सिमेंटची.

"कुठं लांब गेला होतात अण्णा?" मी शक्य तितक्या सहज विचारलं.

"होय, जरा काम होतं," ते म्हणाले आणि पिशवी ड्रॉवरमध्ये ठेवून कुलूप लावलं.

ते कुलूप आधीपासून होतं की नवं, हे मला आठवेना. पण त्या संध्याकाळी मी घरी नवऱ्याला सांगितलं की नवं आहे.

गुरुवारी अण्णा पेन धुवायला नळावर गेले तेव्हा ड्रॉवर अर्धवट उघडा राहिला होता. पिशवीखालून एका कागदाचं टोक दिसत होतं. मी उठले, इकडेतिकडे पाहिलं आणि तो ओढला. त्यांच्या सुबक अक्षरात नावं होती आणि नावांपुढे आकडे. लहू एक्कावन्न. शिवराम सेहेचाळीस. दशरथ त्रेचाळीस. प्रत्येकापुढे अधिक सतरा. खाली तारखा, गेल्या चार महिन्यांच्या.

कोण हे लहू, शिवराम, दशरथ? कंत्राटदारांचे मुकादम? एक्कावन्न काय, झाकणं? अधिक सतरा कशाचे? मला अर्थ लागत नव्हता, आणि अर्थ लागत नव्हता म्हणूनच तो कागद मला जास्त भयंकर वाटला. अण्णांच्या चपलांचा आवाज आला तशी मी कागद आत सारला आणि जागेवर येऊन बसले. त्यांनी पेन पुसले, ड्रॉवर ढकलून बंद केला आणि मला म्हणाले, "मॅडम, आज चेहरा उतरलाय. बरं नाही का?"

"डोकं दुखतंय," मी म्हटलं.

त्यांनी कपाटातून स्वतःची बामची डबी काढून माझ्या टेबलावर ठेवली. त्या क्षणी मला वाटलं, माणूस किती पोहोचलेला आहे.

शुक्रवारी सकाळी कुलथे साहेबांना सगळं सांगितलं. ते मान हलवत ऐकत होते.

"लेखी द्या," ते म्हणाले. "तुमच्याच हिताचं आहे. मंगळवारी आयुक्तांनी विचारलं तर तुमच्या बाजूने कागद हवा."

"काय लिहू सर?"

"जे पाहिलं ते लिहा. मी कशाला सांगू? तुमचं निरीक्षण, तुमचे शब्द."

मी जागेवर आले. कपाटापलीकडे अण्णा दुसऱ्याच एका कामाच्या आराखड्यावर रेघा ओढत होते. मी लिहिलं, की समितीने मान्य केलेला आकडा मुख्य आरेखक श्री. येमूल यांनी परवानगीशिवाय बदलल्याचं आढळून आलं आहे. तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण नुसता आकडा बदलला म्हटलं, तर सही करणारीने काय पाहिलं, असा प्रश्न येणारच. म्हणून मी दुसरं वाक्य लिहिलं. सदर कर्मचाऱ्याचे संबंधित उत्पादकाशी हितसंबंध असावेत असा माझा संशय आहे.

ते वाक्य लिहून झाल्यावर आठवड्यात पहिल्यांदा मला हलकं वाटलं.

शनिवारी एक वाजता अण्णा पिशवी घेऊन निघाले, तशी मी पाच मिनिटांनी रिक्षा केली. आता पुरावाच हवा होता. रिक्षावाल्याला एमआयडीसी म्हटलं. बिराजदारांचं आवार शोधायला त्रास पडला नाही, रस्त्यालगतच सिमेंटचे पाइप रचलेले होते. फाटक उघडं होतं. मी पाइपांच्या आडोशाने आत शिरले. साडी सावरत, चप्पल न वाजवता. एक उपअभियंता बाई, चाळिशीला टेकलेली.

पलीकडे माणसांचे आवाज येत होते. हसण्याचेही. मी दोन पाइपांच्या फटीतून पाहिलं.

मोकळ्या जागेत विटांचे चार ओटे रचून त्यावर एक सिमेंटची रिंग आडवी ठेवलेली होती. रिंगेखाली छातीएवढी पोकळी. बाजूला आणखी दोन रिंगा, वेगवेगळ्या मापांच्या. चार माणसं होती, त्यांतले तिघे आमच्या ड्रेनेज खात्याच्या खाकी कपड्यांत. एका दांडग्या माणसाच्या पाठीवर हवेचं नळकांडं बांधलेलं, अग्निशमनवाले धुरात शिरताना लावतात तसं. तो ओट्यावर चढून रिंगेत पाय सोडून बसला होता. अण्णा शेजारी उभे, हातात टेप आणि वही.

"हं लहू, सावकाश. हात वर घेऊ नकोस. आत कुणी पडलाय असं समज, तुला त्याला धरायचंय."

लहू खाली सरकला. कमरेपर्यंत गेला आणि छातीशी येऊन अडकला. नळकांडं रिंगेच्या काठावर खटकन आपटलं. त्याने अंग तिरकं केलं, खांदा दाबला, पुन्हा प्रयत्न केला. चेहरा लाल झाला.

"न्हाई जमत अण्णा. हे काढून टाकलं तर जाईन."

"काढायचं नाही. काढलं की तूही गेलास." अण्णा वाकून त्याच्या खांद्याला टेप लावू लागले. "एक्कावन्न सेंटिमीटर. आणि नळकांड्याचे सतरा. ये वर. आता मोठ्या रिंगेत."

लहू, एक्कावन्न, अधिक सतरा.

माझा पाय खडीवर सरकला. सगळ्यांनी वळून पाहिलं. पळून जाणं शक्य नव्हतं, म्हणून मी बाहेर आले.

मला वाटलं होतं अण्णा दचकतील. त्यांचा चेहरा उजळला.

"या मॅडम! कधीतरी बघायला याल असं वाटत होतंच मला. ए शिवराम, खुर्ची आण बाईंना."

"अण्णा, हे काय चाललंय?"

"मापं घेतोय. तुम्ही चौदा नंबरवर सही केलीत, त्या दिवसापासून हुरूप आलाय बघा. आयुक्तांनी विचारलं, सातशे पन्नासच का, तर उत्तर हवं ना आपल्याकडे." त्यांनी वही माझ्यापुढे धरली. "सोळा माणसं झाली. पाचशे साठमधून पाठीवर हा हवेचा सेट घालून एकसुद्धा खाली जात नाही. साडेसहाशेतून सात जातात. सातशे पन्नासमधून सगळे."

मला विचारायचं होतं एक आणि तोंडातून निघालं दुसरंच.

"सही केली तेव्हा आकडा बदललेला होता?"

"मग! तुमच्या पुढ्यातच ठेवली की. बोट ठेवून दाखवलं होतं मी. तुम्ही फोनवर बोलत होता, पण मान हलवलीत." त्यांनी वही मिटली. "तीन टिपणं दिली होती मी. तिसऱ्यावर तुम्ही 'आवश्यकता नाही' लिहून परत पाठवलंत, तेव्हा वाईट वाटलं होतं. पण मग शीटवर सही केलीत. म्हटलं, मॅडमना पटलं."

खुर्ची आली. मी बसले. शिवराम नावाचा तो माणूस माझ्यासमोर उकिडवा बसला. पन्नाशीचा असेल.

"गिरणी चौकातलं आठवतंय का बाईसाहेब तुमाला?" त्याने विचारलं. "आठ वर्सं झाली. माझा भाऊ उतरला व्हता चेंबरात, तुंबलं व्हतं म्हणून. वायूने खाली पडला. त्याला काढायला दुसरा गेला, त्यो बी पडला. मग बंबवाले आले. पाठीवर ह्येच घेऊन आले. पण भोकातून आत जाईना ते. शेवटी घणाने वरचा स्लॅब फोडला."

"किती वेळ लागला?" मी विचारलं.

"चाळीस मिनिटं," उत्तर अण्णांनी दिलं. "मी तिथंच उभा होतो. त्या चेंबरचं ड्रॉइंग माझ्या हातचं होतं. व्यास पाचशे."

पाइपांवर कावळे ओरडत होते. मी अण्णांना सांगायला हवं होतं, की काल मी तुमच्याविरुद्ध कागद दिलाय. वाक्य ओठांवर आलं होतं. अण्णा तेवढ्यात लहूला म्हणाले, "मॅडम आपल्या बाजूच्या आहेत, घाबरू नको, चढ." आणि ते वाक्य मी गिळलं.

निघताना फक्त एक विचारलं. "जागा बिराजदारांनी कशी दिली?"

"मागितली, दिली. एकदा रिंगा उतरवायला त्यांच्या जीपमधून आलो गेलो. त्यांचा धंदा होईल तर होईल, मी कशाला नाही म्हणू? चहासुद्धा मी माझा बाहेर पितो."

सोमवारी मी साडेनऊलाच रेकॉर्ड रूममध्ये गेले. ड्रेनेजची फाइल काढली. अण्णांची तीन टिपणं होती, तारीखवार. पहिल्या दोन्हींवर कुलथे साहेबांचा शेरा, 'चेंबरमध्ये माणसाने उतरणे अपेक्षित नाही.' तिसऱ्यावर माझ्या अक्षरात, 'आवश्यकता नाही.' त्या दिवशी काय घाई होती कोण जाणे. टिपण तीन पानांचं होतं, आणि मी पहिलं पानसुद्धा उलटलं नव्हतं हे मला माझ्या शेऱ्यावरून कळत होतं, कारण तो तिसऱ्या पानावरच्या प्रश्नाचं उत्तरच नव्हता.

त्याच फाइलच्या तळाशी गिरणी चौकाच्या चौकशीची प्रत होती. तेव्हाच्या उपअभियंत्याचा जबाब. 'मृत इसम पालिकेच्या सूचनेवरून उतरलेले नव्हते. पालिकेच्या चेंबरमध्ये माणसाने उतरणे अपेक्षित नाही.' खाली सही, ग. वा. कुलथे.

तेच शब्द. आठ वर्षांनी शेऱ्यातही तेच शब्द. तोंड मोठं केलं की माणसं आत जातात हे पालिकेने लिहून दिल्यासारखं होणार होतं, आणि मग तो जबाब उघडा पडला असता. बिराजदार, जीप, साचा, सगळं माझ्यापुढे मांडलं होतं ते या एका कागदासाठी.

मी केबिनमध्ये गेले. "सर, शुक्रवारची माझी नोंद परत हवी होती."

"का?"

"चूक झाली माझी. अण्णांचा त्यात काही स्वार्थ नाही."

"आकडा त्यांनी बदलला नाही?"

"बदलला."

"मग चूक कसली?" ते मऊ आवाजात म्हणाले. "नोंद आवक झालीय. नंबर पडलाय. आता ती तुमची राहिली नाही, हिरेमठबाई. उद्या शांत बसा, मी सांभाळून घेतो. पाचशे साठ परत टाकू, विषय संपला."

हा सरळ सरळ सौदा होता. मी गप्प बसायचं, माझ्या सहीला धक्का लागणार नाही. त्या दिवशी अण्णा पलीकडे बसून शीट गुंडाळत होते, प्रत्येकीला दोरा बांधत होते. तीनदा मी उठले, कपाटाला वळसा घालून त्यांच्यापर्यंत गेले आणि काहीतरी फुटकळ विचारून परत आले.

मंगळवारी आयुक्तांच्या दालनात आम्ही नऊ जण होतो. आयुक्त नवे होते, उत्तरेकडचे, मराठी शिकलेले आणि जपून बोलणारे. अण्णा भिंतीशी उभे राहून एकेक शीट बोर्डावर लावत होते. तेरा शीट सुरळीत पार पडल्या. चौदावी लागली.

"सर, इथे एक गंभीर बाब आहे," कुलथे साहेब म्हणाले आणि त्यांनी फाइलमधून माझा कागद काढला. "सदस्य-सचिवांच्याच शब्दांत वाचतो."

त्यांनी दोन्ही वाक्यं वाचली. सावकाश. दुसरं वाक्य वाचताना मी टेबलाकडे पाहत होते. वर पाहिलं तेव्हा अण्णांचा एक हात बोर्डावर होता, शीटचा कोपरा दाबून धरलेला, आणि ते माझ्याकडे बघत होते. रागाने नाही. ऐकण्यात काही चुकलं का, असं विचारल्यासारखे.

"हे तुमचं अक्षर?" आयुक्तांनी मला विचारलं.

"होय सर."

"मग पाचशे साठ करा. आणि यांच्यावर कारवाई."

"सर, आकडा येमूलांनी बदलला हे खरं आहे," मी उठून उभी राहिले. "त्यावर मी न बघता सही केली, हेही खरं आहे. पण आकडा बरोबर आहे. पाचशे साठ चुकीचा आहे, आणि तो समितीत मीच लिहून घेतला. दुसरं वाक्य खोटं आहे. मी चौकशी न करता लिहिलं."

आयुक्तांनी खुर्ची मागे सरकवली. "शुक्रवारी तुम्हाला संशय होता. मंगळवारी नाही. मधल्या चार दिवसांत तुम्हाला बिराजदार भेटले का?"

खोलीत कुणीतरी हसलं. तोंडावर चिखल बसल्यासारखं वाटलं. आणि लगेच जाणवलं, की मी अण्णांवर टाकला होता तो हाच.

"त्यांच्या आवारात गेले होते," मी म्हटलं. "त्यांना भेटले नाही." आणि मी पाहिलं ते सांगितलं. रिंगा, नळकांडं, सोळा माणसं. फाइलमधली तीन टिपणं आणि त्यावरचे शेरे सांगितले. माझा शेरा आधी सांगितला. मग चौकशीतला जबाब.

कुलथे साहेब शांत होते. "सर, कायद्याने माणूस आत उतरवता येत नाही. उतरतच नाही, तर मोठं तोंड कशाला?"

मग भिंतीकडून आवाज आला. त्या बैठकीत अण्णा तेवढं एकदाच बोलले.

"उतरणाऱ्यासाठी नाही साहेब. आत पडलेल्याला काढायला जो जाईल, त्याच्यासाठी."

आयुक्तांनी उठून शीट जवळून पाहिली. मग त्यांनी अग्निशमन अधिकाऱ्याला फोन लावला. आमचा बंब इमारतीच्या मागेच असायचा. वीस मिनिटांनी आम्ही सगळे आवारात उभे होतो. भांडारातून नमुन्यासाठी मागवलेली पाचशे साठची चौकट आणून दोन बाकांवर ठेवली होती आणि पाठीवर सेट बांधलेला एक जवान त्यात छातीपर्यंत जाऊन अडकला होता. आयुक्तांनी त्याला स्वतः हात देऊन वर घेतलं. मग म्हणाले, "दीड मीटरपेक्षा खोल सगळ्या चेंबरना सातशे पन्नास. लिहून घ्या." आणि आत निघून गेले.

पुढे काय झालं ते सांगून टाकते. मानकं मंजूर झाली. मला न बघता सही केल्याबद्दल ताकीद मिळाली आणि दोन महिन्यांत उद्यान विभागात बदली झाली, तिथून मी परत कधी ड्रेनेजला आले नाही. अण्णांची मात्र चौकशी लागली. आकडा बदलल्याची नव्हे, हितसंबंधांची. माझं दुसरं वाक्य आवक नंबरासकट फाइलला होतं आणि खोटं आहे म्हटल्याने ते फाइलमधून निघत नव्हतं. दीड वर्ष चालली ती. मी तीनदा साक्ष दिली. काही निघालं नाही, पण 'संशयास्पद' हा शब्द अण्णा निवृत्त झाले तेव्हाही त्यांच्या सेवापुस्तकात होता. बिराजदारांना कामं मिळाली. कुलथे साहेब हारतुरे घेऊन निवृत्त झाले.

पण मला आठवतो तो त्या मंगळवारचा जिना. सगळे पांगल्यावर मी अण्णांना गाठलं. काखोटीला शीटची भेंडोळी घेऊन ते एकेक पायरी चढत होते.

"अण्णा, मी शनिवारीच सांगणार होते."

ते थांबले. "एक विचारू मॅडम? त्या कागदातलं पहिलं वाक्य खरंच आहे, मी न विचारता आकडा बदलला. ते दुसरं वाक्य साहेबांनी सांगितलं होतं का तुम्हाला लिहायला?"

ते मला वाट काढून देत होते, हे मला कळलं. हो म्हटलं असतं तर त्यांनी मानलं असतं. कदाचित उद्यापासून पुन्हा शेंगाचटणी आली असती.

"नाही," मी म्हटलं. "ते माझंच होतं."

त्यांनी भेंडोळी दुसऱ्या काखेत घेतली.

"तेरा वर्षं शेजारी बसलो आपण," ते म्हणाले. "कपाटापलीकडून नुसतं विचारायचं होतं."

आणि वर निघून गेले. मी तिथेच उभी राहिले, वरच्या मजल्यावर त्यांच्या ड्रॉइंग बोर्डाची खुर्ची सरकल्याचा आवाज येईपर्यंत.